आवडता रंग सांगा, स्वभाव ओळखतो म्हणे!

"तुमचा आवडता रंग तुमचा स्वभाव सांगतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" हे फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. सोसायटीच्या ग्रुपवर आलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं, ऑफिसच्या ग्रुपवर तर एचआरच्या मॅडमनीच टाकलं. कुणाकडे आलं नसेल तर थोडक्यात सांगतो: लाल आवडणारे तापट आणि रोमँटिक, निळावाले शांत नि अबोल, काळावाले निगेटिव्ह, पिवळावाले मतलबी, गुलाबी हा बायकांचा रंग आणि डोकं थंड ठेवणारा, आणि ही आवड म्हणे जन्मजात असते, मरेपर्यंत बदलत नाही. टाइमपास म्हणून ठीके हो, पण खाली लोक सिरियसली "अगदी बरोब्बर, माझंच वर्णन" लिहितायत म्हणून हा खटाटोप.

आधी ते "सिद्ध केलंय" बघू. माक्स ल्युशर नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये एक टेस्ट काढली, रंगांची कार्डं आवडीच्या क्रमाने लावायची आणि त्यावरून माणूस ओळखायचा. गाजली खूप, पण नंतर इतरांनी तपासली तेव्हा काही टिकली नाही. मग "माझंच वर्णन" का वाटतं? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने वर्गातल्या पोरांची एक टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला "हा तुझा रिपोर्ट" म्हणून कागद दिला. पोरांनी ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले, म्हणजे जवळजवळ तंतोतंत जुळलं! आणि कागद सगळ्यांना एकच होता, मजकूर राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. "तुम्ही वरून कणखर पण आतून हळवे आहात" हे कुणाला लागू होत नाही सांगा.

आता लाल म्हणजे रोमान्स. कुठल्या गावात? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या ब्राह्मण घरात केशवपन केलेल्या विधवेच्या नशिबी लाल आलवण, म्हणजे लाल लुगडंच असायचं. त्याच घरात सवाष्णीच्या कपाळावरचं कुंकूही लालच. त्या घरात वाढलेल्या पोरीला लाल आवडला काय किंवा नावडला काय, त्यावरून ती तापट होती का रोमँटिक हे सांगणारे तुम्ही कोण? तिच्या डोळ्यासमोर आत्याचं आलवण आलं का आईचं कुंकू, यावर सगळं.

आणि निळा म्हणे शांत, अबोल. मला तर हसूच आलं. १४ एप्रिलच्या संध्याकाळी कुठल्याही भीमजयंतीच्या मिरवणुकीत जाऊन हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, अर्थात ऐकू गेलं तर. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं त्याचा झेंडा निळा, तिथपासून आजच्या झेंड्या-फेट्यांपर्यंत हा निळा चालत आलाय. ज्या पोराने बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीची गर्दी पाहिलीय त्याचा निळा आणि ज्याने सुट्टीत मालवणचा समुद्र पाहिलाय त्याचा निळा, शेडकार्डवर एकच नंबर असेल, पण आत जे हलतं ते एक आहे का?

काळ्यावर जास्त बोलत नाही. एरवी शुभकार्यात चालत नाही म्हणणारे आपणच संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून, वर हलव्याचे दागिने घालून फोटो काढतो. आख्खं सासर निगेटिव्ह म्हणायचं का मग.

पिवळा म्हणजे मतलबी, हे जेजुरीला कुणी पोचवलं नाही वाटतं. सोमवती अमावस्येला गडावर एकदा जाऊन या. पायऱ्या पिवळ्या, दीपमाळा पिवळ्या, माणसं पिवळी, भंडारा कानात जातो, बॅगेच्या चेनमध्ये बसतो, पांढरा शर्ट तर परत पांढरा होतच नाही आणि तो शर्ट कुणी टाकूनही देत नाही. घरात खंडोबा असलेल्याला पिवळा आवडतो त्यात मतलब कुठला आला, लहानपणी "यळकोट यळकोट" म्हणताना डोळ्यात जे गेलं तेच राहिलं.

जन्मजात आणि न बदलणारी, हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण त्यात थोडं तथ्य आहे. काही महिन्यांची बाळंसुद्धा काही रंगांकडे जास्त वेळ बघत राहतात, म्हणजे सगळंच आठवणीतून येतं असं मीही म्हणणार नाही. पण पुढचं ऐका. अमेरिकेत स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० मध्ये साधी पण भारी युक्ती केली. एका गटाला विचारलं की हा रंग बघून कुठकुठल्या वस्तू आठवतात, दुसऱ्या गटाला विचारलं की त्या वस्तू किती आवडतात, आणि तिसऱ्या गटाला फक्त रंग दाखवून आवड विचारली. वस्तूंच्या आवडीवरून रंगांच्या सरासरी आवडीतला साधारण ८० टक्के फरक उलगडला. पुढे बर्कली आणि स्टॅनफर्ड या एकमेकांशी खुन्नस असलेल्या युनिव्हर्सिटीत बघितलं तर पोरांना आपल्या कॉलेजचे रंग समोरच्यांपेक्षा जास्त आवडत होते, आणि कॉलेजचा अभिमान जितका जास्त तितके जास्त. आता अ‍ॅडमिशन कुठे मिळाली यावरून जन्मजात रंग ठरतो का? पानगळीच्या दिवसात त्या पानांचे रंग लोकांना जास्त आवडायला लागतात, हेही त्यांच्याकडे दिसलंय. अर्थात ही सगळी गटाची सरासरी आहे, एकट्यादुकट्या माणसाचं गणित वेगळं. आमच्या मावशीला पोपटी रंग प्रचंड आवडायचा, काकांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या त्या पोपटी पडद्यामागे कितीतरी रात्री काढल्या तिने, त्यानंतर त्या रंगाचा ब्लाउजपीस ओटीत आला तरी ती दुसऱ्या दिवशी कुणाला तरी देऊन टाकते. स्वभाव तसाच आहे तिचा, बडबडा. रंग तेवढा गेला.

राहिला गुलाबी. बायकांचा? १९१८ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने चक्क गुलाबी मुलांना आणि निळा मुलींना असं छापलं होतं, का तर गुलाबी ठसठशीत आणि निळा नाजूक! नामिबियातल्या हिंबा लोकांच्या आवडी २०१३ मध्ये ब्रिटिश लोकांशी ताडून बघितल्या तर बायका-पुरुषांच्या आवडीत जो फरक जगभर असतो म्हणतात तो तिथे दिसलाच नाही. आणि डोकं थंड ठेवण्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९७९ मध्ये कैद्यांच्या कोठडीला गुलाबी रंग मारून बघितला, मारामाऱ्या कमी झाल्या असा गाजावाजा झाला, पण २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या तुरुंगात नीट तपासलं तर तसा काही परिणाम सापडला नाही. एवढ्या लांब जायचीही गरज नाही खरं तर. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर या, गुलालाने डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झालेले हजारो बाप्ये सासनकाठ्या नाचवत "चांगभलं" ओरडत असतात, त्यातला एखादा शांत झालेला दिसला तर मला फोटो पाठवा.