डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे

परवा एका स्पर्धेच्या नियमावलीचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. मूळ इंग्रजीत परीक्षकांसाठी ‘डिसइंटरेस्टेड’ असं विशेषण होतं. भाषांतरात उतरलं होतं, ‘परीक्षक निरुत्साही असावेत’. मी ते वाक्य तीनदा वाचलं.

अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही तो. विषय निघाला की जांभई देणारा. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही तो. त्याला विषयात प्रचंड रस असू शकतो, परीक्षक असेल तर असायलाच हवा. फक्त निकाल कुणाच्याही बाजूने लागला तरी त्याच्या पदरात काही पडणार नसतं.

गोंधळ ‘इंटरेस्ट’ या शब्दामुळे होतो. रस, हितसंबंध आणि व्याज, तिन्ही गोष्टी इंग्रजी या एकाच शब्दावर भागवते. आपल्याकडे तिन्हींना वेगळे शब्द आहेत, म्हणून मराठी माणसाला तर हा फरक चटकन कळायला हवा.

इंग्लंडमधला १८५२चा एक खटला मला इथे फार मोलाचा वाटतो. लॉर्ड चान्सलर, म्हणजे तिथल्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख, कॉटनहॅम यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता आणि त्याच कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो निकाल रद्द केला. कॉटनहॅम यांनी पक्षपात केला असं तिथे कुणाचंच म्हणणं नव्हतं. शेअर होते, एवढं पुरलं.

सतराव्या शतकात हे दोन्ही शब्द उलट अर्थानेही वापरले जात, हे मला माहीत आहे. आजही अनेक जण डिसइंटरेस्टेड हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थाने लिहितात आणि कोशांनी तो अर्थ नोंदवला आहे. तरी मी हा फरक सोडायला तयार नाही. कंटाळलेल्या माणसासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. हितसंबंध नसलेल्यासाठी मात्र इतका नेमका शब्द दुसरा सापडत नाही. ‘इम्पार्शल’ जवळ जातो, पण तो वृत्तीबद्दल बोलतो. मनाने निःपक्षपाती असलेल्या माणसाकडेही शेअर असू शकतात, कॉटनहॅम यांच्याकडे होतेच की!

भाषांतरात ‘निःस्वार्थी’ घालावं असं एकाने सुचवलं. पण तो स्वभावाचा गुण झाला. इथे स्वभाव नव्हे, माणूस कुठे उभा आहे ते सांगायचं होतं. शेवटी मी लिहिलं, ‘ज्यांचा निकालात कोणताही हितसंबंध नाही असे परीक्षक’. एका शब्दाच्या जागी सहा शब्द आले, ओळ लांबली. लांबू दे.