शिकारीसाठी जुना घडीचा चाकू : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या चाकूंच्या हौशी मंडळींत एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. शिकारीला नवा चाकू नेऊ नये, १९६० पूर्वीचा, खिशात मावणारा ‘जेंटलमन्स’ चाकू घ्यावा, कारण तसे पोलाद आता होत नाही. पात्यावरचा कंपनीचा शिक्का नामांकित असावा, पाते मिटताना खणखणीत ‘टक’ असा आवाज यावा आणि विकत घेतल्यावर ते घासून लख्ख करावे, असे त्यात म्हटलेले असते. असे चाकू मलाही प्रिय आहेत, परंतु हा सल्ला तपासाला टिकत नाही.

प्रथम पोलाद. त्या काळातील पुष्कळ पाती साध्या कार्बन पोलादाची असत आणि त्याच जातीचे पोलाद, उदाहरणार्थ सुमारे ०.९५ टक्के कार्बन असलेले ‘१०९५’, आजही बनते. धार टिकते ती पोलादातील घटकांवर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तापवून थंड करत कडक करण्याच्या प्रक्रियेवर; त्यात वयाचा संबंध नाही. कार्बन पोलादाला दगडावर चटकन धार येते हे खरे, पण रक्त तसेच राहिले तर ते लवकर डागाळते आणि पुढे गंजते. शिवाय हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्ये १९१३ साली स्टेनलेस पोलाद तयार केल्यानंतर ते चाकूंतही आले, त्यामुळे १९६० पूर्वीचे पाते कार्बनचेच असेल असेही धरून चालता येत नाही.

खरी अडचण बांधणीची आहे आणि सल्ल्यात तिचा उल्लेखच नाही. या चाकूंचे पाते पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावरच उघडे राहते. त्याला उघड्या स्थितीत अडकवून ठेवणारा खटका नसतो. टोक हाडात रुतले किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला, की ते बोटांवर मिटू शकते. पाच-सहा सेंटीमीटरचे पाते दोरी कापायला किंवा लहान पक्षी साफ करायला पुरते. मोठ्या जनावराचे कातडे सोलताना मात्र रक्ता-चरबीने निसरडी झालेली, बोटांना आड नसलेली बारीक मूठ हातात ठरत नाही, आणि चाकूच्या सांध्यात शिरलेली चरबी नीट निघत नाही ती वेगळीच.

शिक्का काळ ओळखायला उपयोगी पडतो. चाकू बनवणाऱ्या ‘केस’ (Case) या अमेरिकी कंपनीने १९७० पासून शिक्क्यात ठिपके घालायला सुरुवात केली, तेव्हा ठिपक्यांचा चाकू कोणी १९६० पूर्वीचा म्हणून विकत असेल तर त्याचा दावा तिथेच निकालात निघतो. पण धार काढून काढून पाते किती झिजले आहे किंवा सांधा डुलतो का, हे शिक्का सांगत नाही. ‘टक’ आवाजाने स्प्रिंग ताठ असल्याचे कळते, इतकेच.

लख्ख घासण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. यंत्राच्या चाकावर पाते तापून धारेवर निळी झाक आली, की तिथले पाणी उतरले. मग ती धार टिकत नाही. पात्यावरचा जुना करडा थर म्हणजे लाल गंज नव्हे, उलट तो गंजाला थोडाफार आळा घालतो. लाल गंज तेवढा तेल लावून हलक्या हाताने काढावा.

मुठीविषयी सल्ल्यात अवाक्षरही नाही. शिंपल्याची मूठ देखणी, पण आपटली की तडकते. मुठीचे जुने सेल्युलॉइड (एक प्रकारचे जुने प्लास्टिक) विघटित होऊ लागले की त्याच्या आम्लधर्मी वाफांनी पाते आणि स्प्रिंग दोन्ही गंजतात. जुनाच न्यायचा असेल तर हाडाच्या किंवा शिंगाच्या मुठीचा, न डुलणाऱ्या सांध्याचा चाकू निवडून तो बारीकसारीक कामांसाठी खिशात ठेवावा, आणि सोलण्यासाठी न मिटणाऱ्या पात्याचा चाकू म्यानात घालून कमरेला बांधावा.