'इन रॉक'मधला जॉन लॉर्ड

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने १९७० मध्ये 'इन रॉक' हा अल्बम काढला तो लेड झेपलिन या दुसऱ्या रॉक बँडच्या मागे धावत, रिची ब्लॅकमोरच्या गिटारपुढे ऑर्गनवादक जॉन लॉर्डचा पाश्चात्त्य शास्त्रीय बाज चिरडला गेला आणि त्यातलं 'चाइल्ड इन टाइम' हे गाणं तर उचललेलंच आहे.

झेपलिनचा प्रभाव होता, त्याबद्दल वादच नाही. पण लॉर्डचं काय ते बघू. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा कॉन्चेर्टो, म्हणजे बँड आणि वाद्यवृंदासाठी त्याने लिहिलेली रचना, सादर झाला. साथीला रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद, संचालन माल्कम आर्नल्डचं. त्याच संध्याकाळी कॉन्चेर्टोच्या आधी बँडने काय वाजवलं? 'चाइल्ड इन टाइम'! गायक इयान गिलन आणि बास गिटारवादक रॉजर ग्लोव्हर तेव्हा बँडमध्ये नवेच होते. म्हणजे वाद्यवृंद आधी आणि दणदणाट नंतर, असे दोन कप्पे नव्हतेच.

शिवाय तो दणदणाट एकट्या गिटारचा नाही. लॉर्डचा हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन एरवी लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून वाजतो, गोल आणि लहरता. लॉर्डने तो मार्शल या गिटारच्या अ‍ॅम्पला (ध्वनिवर्धकाला) जोडला. आवाज असा फाटला की कुठे ऑर्गन थांबला आणि कुठे गिटार सुरू झाली, हे पहिल्यांदा ऐकताना कळतच नाही. चिरडला गेलेला माणूस असं वाजवत नाही हो. याच अल्बममधल्या 'स्पीड किंग'च्या मध्यात लॉर्ड आणि ब्लॅकमोरचे सवाल-जवाब ऐका. त्याच गाण्याच्या सुरुवातीला गोंधळ ओसरल्यावर लॉर्ड एकटा शांतपणे वाजवतो. अमेरिकेतल्या आवृत्तीत ही सुरुवात कापली होती; तुम्ही तीच ऐकली असेल तर तुमचा राग मला समजतो.

आता उचलेगिरी. 'चाइल्ड इन टाइम'ची ऑर्गनची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून आली आहे, हे गिलननेही सांगितलंय. श्रेय द्यायला हवं होतं, इथे तुम्ही बरोबर आहात. पण मूळ वाद्यरचना व्हायोलिनवर लगबगीने धावते. पर्पलने तिची गती उतरवली, तिच्यावर गिलनच्या किंकाळ्या चढवल्या आणि दहा मिनिटांचं गाणं उभं केलं. (गंमत म्हणजे त्या मंडळींनीही पुढे पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वर हात मारला!)

अल्बममधलं 'लिव्हिंग रेक' हे गाणं मात्र मलाही बेताचंच वाटतं. त्यावर तुम्हाला हवं तेवढं बोला, मी आड येणार नाही.