सेल मारू नगंस, बॅटरी बसंल!

जुनी जीप दारात बॉनेट उघडून उभी केली की गल्लीत कुणाला आमंत्रण द्यावं लागत नाही. नवी गाडी बंद पडली तर लोक हळहळतात आणि निघून जातात, कारण तिचं बॉनेट उघडून दिसतं काय तर एक काळं प्लास्टिकचं झाकण. जीपचं तसं नाही. इंजिन दिसतं, इंजिनच्या बाजूनं खालची फरशी दिसते, हातातला पाना सटकला तर तो नेमका कुठे जाऊन बसला तेही दिसतं (हात तिथे पोचत नाही, ही गोष्ट वेगळी), त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाही जमतंय.

आमची जीप महिंद्राची एमएम ५४०, फोर बाय फोर, डिझेल. इंजिन प्युजोचं, एक्सडीपी ४.९०, म्हणजे ४ सिलिंडर आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. हे मला कुणी विचारत नाही तरी मी सांगतो. पावसाळ्यात राधानगरीच्या बाजूला लाल चिखलात जिथं मोठमोठ्या गाड्या जागेवरच चाकं फिरवत बसतात तिथनं ही लो गिअरमध्ये गुरगुरत आरामात वर येते, आणि तीच बया सकाळी आमच्या दारातनं हलायला तयार नाही. एकदा कशीबशी चालू झाली की मग दिवसभर किती वेळा बंद करा, चालू करा, काही तक्रार नाही. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता घुर्र घुर्र फिरतोय आणि मागनं धुराचा पत्ता नाही.

धूर नाही हा यातला मुख्य मुद्दा. सेल्फ मारताना धूर येतोय पण इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोचतंय, मग हीटर (थंड इंजिन पेटावं म्हणून आतून तापवणारे प्लग) बघा, कॉम्प्रेशन बघा. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही. इतकी सोपी गोष्ट. पण ऐकतंय कोण! समोरच्या बंगल्यातले काका इन्व्हर्टरचा धंदा करतात, त्यांच्या मते बॅटरी गेली. (त्यांच्या मते सगळ्यांचीच बॅटरी गेलेली असते.) माझ्या मेव्हण्याच्या मते जीप विकून नवी थार घ्यायची, पैसे कुणी द्यायचे यावर तो काही बोलत नाही. आणि एका उत्साही पोरानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवून हीटरच गेलेत हे इतक्या ठामपणे सांगितलं की शेवटी चारही हीटर प्लग काढले. पट्टीला धरून वायरनं बॅटरीला लावले, एकेकाचं टोक आधी काळपट, मग जांभळट, मग लालबुंद झालं. चारही ठणठणीत. "काका, जरा जास्तच लाल झालेत, नाही?" म्हणून पोरगं कलटी मारून गेलं.

मग मामा आले. हे आमचे सख्खे मामा नव्हेत, गल्लीचे मामा. एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेत. हात पाठीमागे बांधून येतात, गाडीला बोट लावत नाहीत, आणि पहिलं वाक्य कायम तेच, "सेल मारू नगंस, बॅटरी बसंल." एकदा गाडीभोवती फिरले, बोलले, "एअर धरलीया हिनं."

आता एअर धरणे हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर उघडायला शंभराच्या वर बार प्रेशर लागतं, आणि पाइपात हवा असली की पंप बिचारा त्या हवेलाच दाबत बसतो, पुढे काही जात नाही. मग एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि एसी पंपाची, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या पंपाची, दांडी हातानं मारत राहायची (इथल्या एसीचा थंडाव्याशी काही संबंध नाही, मी घामानं भिजलो होतो). आधी पांढरा फेस येतो, मग मोठे फुगे, मग बारीक, आणि सगळं संपलं असं वाटून स्क्रू आवळायला घ्यावा तर अजून एक फुगा. मग इंजेक्टरकडे डिझेल दाबणाऱ्या मेन पंपाचा स्क्रू, मग इंजेक्टरची नटं, तोवर डिझेल मनगटावरनं कोपरापर्यंत गेलेलं असतं. हिनं बाथरूमच्या दारातनंच जाहीर केलं की अहो ते कपडे मशीनमध्ये टाकायचे नाहीत, आणि जमलं तर तुम्हीही जरा बाहेरच बसा.

गाडी मात्र चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घुर्र घुर्र.

म्हणजे हवा कुठून तरी येतेय. मी पुठ्ठा टाकून गाडीखाली शिरलो, टाकीपासून इंजिनपर्यंत पाइपावरनं बोट फिरवलं, सगळं कोरडं ठाक. मामा वरनं बोलले, "वल्लं काय शोधालाईस? आत वडतंय ते भाईर कशाला सांडंल?" बरोबर होतं. टाकीपासून एसी पंपापर्यंतचा पाइप डिझेल ओढून घेतो, तिथे चीर पडली तर डिझेल टपकत नाही, बाहेरची हवा आत जाते. आणि रात्री इंजिन बंद असताना त्याच चिरेतनं हवा शिरून पाइपातलं डिझेल गुपचूप मागे टाकीत उतरतं.

खात्रीसाठी त्या रात्री गाडी कोपऱ्यावरच्या उतारावर तोंड खाली करून लावली, म्हणजे टाकी वर, इंजिन खाली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू! सगळ्यांचं एकमत झालं की रोग सापडला, आता रोज इथेच लावायची. ज्यांच्या गेटसमोर लावायची होती ते तेवढे या एकमतात नव्हते.

गल्लीच्या टोकाला बांधकाम चालू आहे, तिथल्या गवंड्याकडनं लेव्हलच्या पारदर्शक पाइपाचा तुकडा आणला आणि एसी पंपाच्या आधी बसवला. विहिरीवर मोटर टाकून पाणी कधी चढतंय ते बघत उभं राहावं तसे सगळे त्या पाइपाकडे बघत. "आला, आला!" फुगा आला. म्हणजे चीर त्याच्याही मागे. मागे उरलं काय तर टाकीजवळचा रबरी पाइपाचा वीतभर तुकडा, अख्ख्या गाडीतली सगळ्यात स्वच्छ वस्तू. क्लिप सोडून काढला. सरळ धरला तर एकदम नवा. दोन बोटांत वाकवला तर क्लिपच्या जागी बारीक चिरा उघडल्या, सोडला की मिटल्या. उद्यमनगरात नवा तुकडा मिळाला, दोन क्लिपांसकट एका मिसळीपेक्षा स्वस्त, आणि दुकानदाराला त्याची पिशवी द्यायलाही जिवावर आलं.

सकाळी सपाटीवर, सगळ्यांसमोर सेल्फ मारला. एक झटका, भसकन काळा धूर, आणि चालू. टाळ्या पडल्या. मामांनी नुसती मान हलवली. मी ऐटीत इंजिन बंद करायला स्टॉपर ओढला, तो केबलसकट हातात आला.

इतके दिवस गाडी चालू करण्याच्या नादात बंद करायच्या केबलीकडे बघायला कुणाला फुरसत होती? आमच्या गाडीचं इंजिन चावीनं बंद होत नाही. "चावी काढा, चावी!" इन्व्हर्टरवाले काका ओरडले. चावी काढून खिशात टाकली. इंजिन निवांत धडधडतंय. "बॅटरीची वायर काढा!" काढली. डिझेलला एकदा चालू झाल्यावर बॅटरीचं काय पडलंय! मेव्हणा म्हणाला, चालू दे, डिझेल संपलं की आपोआप बंद होईल. टाकी मी आदल्याच दिवशी फुल केली होती.

मामांनी हात पाठीमागे ठेवूनच सांगितलं, "चौथा टाक. ब्रेक दाबून धर. आता क्लच सोड."

जीपनं एक गचका दिला आणि गप झाली. तेवढ्यात मागनं ते व्हिडिओवालं पोरगं उगवलं. "काका, मी चालू झालेली बघितलीच नाय. परत एकदा मारा की सेल."