लाईट थेरपी म्हणजे आगीत तेल? त्या मेसेजला उत्तर

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: कातडीचा कॅन्सर किरणांनीच होतो, मग कातडीच्या लिम्फोमावर (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर) लाईट थेरपी म्हणजे आगीत तेल, तिने केस झडतात, त्यापेक्षा बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात बसा, आणि खरंच कॅन्सर असेल तर थेट केमो घ्या.

पहिला मुद्दा ऐकायला पटतो, म्हणून तर पसरतो. पण उन्हाने होणारे कॅन्सर कातडीच्या स्वतःच्या पेशींचे. मायकोसिस फंगॉइडिस हा कातडीचा लिम्फोमा टी-पेशींचा, म्हणजे कातडीत येऊन ठाण मांडलेल्या पांढऱ्या पेशींचा. याचे चट्टे उठतात कुठे? बहुतेकदा कंबर, कुल्ले, मांड्यांवर. भर उन्हात ऊस तोडणाऱ्याच्याही या जागा झाकलेल्याच असतात. सुरुवातीला रोग वरच्या थरात असतो आणि ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार, हीच लाईट थेरपी) तिथवर पोचून त्या पेशी मारतो. चट्टा जाड असेल तर सोरालेनची (कातडीवर किरणांचा परिणाम वाढवणाऱ्या औषधाची) गोळी देऊन यूव्हीए हे दुसरे अतिनील किरण देतात, ती ‘पुवा’. ती जास्त खोल जाते. धोका अजिबात नाही असं नव्हे. पुवा वर्षानुवर्षं घेतली तर कातडीच्या दुसऱ्या कॅन्सरची शक्यता वाढते, गोऱ्या लोकांत जास्त. म्हणूनच हिशेब ठेवून देतात.

केसांचं म्हणाल तर केस झडतात ते रेडिएशनच्या एक्स-रे किरणांनी; ही ती किरणं नव्हेत. विषय संपला.

बावचीत सोरालेन असतं, हे मात्र खरं. पण तेलात ते किती, आणि दुपारच्या उन्हात यूव्हीए किती, हे कोण मोजणार? फोड येतात, कातडी सोलते, काळे डाग राहतात. दवाखान्यात डोळ्यांवर गॉगल चढवून, पुरुषांचं गुप्तांग झाकून चेंबरमध्ये उभं करतात. पहिला डोस अगदी थोडा. पुढे कातडी किती लाल होते ते बघून वाढवत नेतात. आणि आषाढात कणकुंबी-जांबोटीला ऊन आणणार कुठून?

केमोचं तर उलटंच आहे. चट्टे दहा टक्क्यांहून कमी कातडीवर असतील (आपला तळहात बोटांसकट साधारण एक टक्का) तर बहुतेकांचं आयुष्य इतरांइतकंच असतं. सुरुवातीलाच केमो आणि इलेक्ट्रॉन बीम (कातडीला द्यायचं एक रेडिएशन) एकत्र देऊन पाहिलेल्या चाचणीचा निकाल १९८९ साली आला: त्रास वाढला, आयुष्य नाही.

मेसेजमध्ये निदानाबद्दल अवाक्षर नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर, तरुणांत विशेषतः, हा रोग बऱ्याचदा फिकट डागांनी येतो. घरचे कोड समजतात, मेडिकलवाला नायट्याची ट्यूब देतो. तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं; डाग दबतो आणि बायोप्सीत (कातडीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) रोग सापडत नाही असंही होतं. बायोप्सी कधीकधी पुन्हा करावी लागते, त्याला डॉक्टरांची चूक म्हणू नका.

तक्रारच करायची तर लाईट थेरपीच्या खेपांची करा. आठवड्यातून दोन-तीनदा, तेही कित्येक महिने. कणकुंबीहून बेळगावला एसटीने जायचं म्हणजे तेवढे दिवस रोजगार बुडाला. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. चट्टे मोजकेच असतील तर वरून लावायच्या औषधांवरही भागू शकतं.