सरदार सरोवराच्या विजेबद्दलचा मेसेज अर्धवट आहे

ग्रुपवर फिरतंय की सरदार सरोवराची सगळी वीज गुजरातला जाते, महाराष्ट्राला शून्य. असं नाहीये हो. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात विजेची वाटणी ठरली, मध्य प्रदेश 57 टक्के, आपण 27 आणि गुजरातला फक्त 16, म्हणजे सगळ्यात कमी! पाण्याचं मात्र उलटं, त्यात गुजरातचा वाटा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, बहुतेक तिथूनच हा गोंधळ झाला असावा. पण मेसेज टाकणाऱ्याला जे लिहायचं सुचलं नाही ते हे, की या 27 टक्क्यांसाठी नंदुरबारची 33 आदिवासी गावं बाधित झाली, मणिबेली त्यातलंच, आणि पुनर्वसनासाठी लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.