टाचेवर आलेली टाच

गेलं वर्षभर आमच्या घरात सकाळी सहाचा गजर कुणी लावलाच नाही. गरजच नव्हती. मी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की "आई गंऽऽ" असा जो काही आवाज निघायचा त्याने अख्खं घर उठायचं. टाचेत कुणीतरी रात्रभर बसून खिळा ठोकलाय असं वाटायचं. मग भिंत धरत, लंगडत, बाथरूमपर्यंतची यात्रा, आणि वैताग म्हणजे दात घासून बाहेर येईपर्यंत दुखणं निम्म्याने गायब! त्यामुळे सहानुभूती शून्य. "आत्ता तर लंगडत होतास" हे बायको अशा सुरात म्हणायची जसं काही मी शाळा बुडवायला पोटदुखी काढलीय.

शेवटी फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला, एकाच ठिकाणी, अंगठ्याने असं काही दाबलं की तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. "प्लांटर फॅशिआयटिस," त्या शांतपणे म्हणाल्या. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, पायाची कमान तोच धरून ठेवतो, रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं तेव्हा तो आखडतो आणि सकाळी त्याच्यावर आपण सगळं वजन एकदम टाकतो. मी मोठ्या अभिमानाने एक्स-रे काढला, त्यात टाचेचं हाड वाढलेलं स्पष्ट दिसत होतं. तर म्हणे हे टोक कित्येक न दुखणाऱ्या टाचांमध्येपण असतं. झालं, माझा एकुलता एक पुरावा बाद.

उपाय काय, तर उठायच्या आधी पलंगावरच पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला पोटरीचं स्ट्रेचिंग. बस्स. एवढंच? वायर नाही, दिवा नाही, मशीन नाही? फुकटातल्या गोष्टीवर आपला विश्वास कधी बसलाय!

मग मी मशीनच्या शोधात दुसरीकडे गेलो. आधी अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरींचा उपचार. गारगार जेल आणि त्यावर गोल गोल फिरणारं मशीनचं ते गुळगुळीत डोकं... इतकं छान वाटायचं की मी तिथे चक्क घोरलो. एक नंबर झोप, टाच जशीच्या तशी. नंतर मॅडम म्हणाल्या की टाचेसाठी त्याचा खास फायदा अभ्यासांत दिसलेलाच नाही. हे मला घोरायच्या आधी कळायला हवं होतं.

टेपिंग मात्र बरं निघालं, टाचेभोवती आणि कमानीखालून चिकटपट्ट्या ओढून बांधल्या की त्याच दिवशी आराम. पण तो थोड्या दिवसांचा पाहुणा, आणि पट्टी काढताना जे केस जातात त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायची, हेही केलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये ती सटकली, गडगडत गेली, मी तिला पकडायला टेबलाखाली, आणि स्क्रीनवर माझी रिकामी खुर्ची.

रात्रीचा स्प्लिंट हा मात्र शिक्षेचा प्रकार आहे. पाऊल काटकोनात ठेवणारा प्लास्टिकचा बूट घालून झोपायचं म्हणजे पट्टा आखडत नाही. तत्त्व अगदी बरोबर आहे, कित्येकांना सकाळच्या पहिल्या पावलाला त्याने फरकही पडतो, पण रात्री अडीचला कूस बदलताना तो बूट बायकोच्या नडगीवर बसला. त्यानंतर वेल्क्रोचा टर्रर्र आवाज. त्यानंतर मी हॉलमध्ये.

मग शॉकवेव्ह. हे तंत्र मुतखडे फोडायच्या मशीनवरून आलंय आणि अमेरिकेच्या एफडीए या सरकारी नियामक संस्थेने २००० सालीच टाचेसाठी मान्य केलंय, एवढं वाचून गेलो होतो. हातात धरायची बंदूक, टक टक टक टक, एका बैठकीला दोनेक हजार ठोके, आठवड्याला एक अशा तीन बैठका. पहिल्या शंभरातच मी उशी चावली. "सहन होतंय ना?" असं विचारत विचारत मशीनवाले जोर वाढवत होते. खोटं कशाला बोलू, काही आठवड्यांनी दुखणं कमी झालं. जुनाट दुखण्याला हे चालतं. पण गेलं नाही.

तेव्हा मान खाली घालून परत मॅडमकडे. स्ट्रेचिंग केलं का? ...अधूनमधून. त्या एवढंच "हं" म्हणाल्या. तसलं "हं" मी शाळेनंतर ऐकलं नव्हतं. मग त्यांनी जिना दाखवला. पायरीच्या कडेवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल म्हणजे तो पट्टा ताणला जातो, आणि एका पायावर टाच वर, तीन सेकंद चढायचं, दोन थांबायचं, तीन उतरायचं. बारा वेळा, तीन सेट, एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये २०१४ साली याची स्ट्रेचिंगशी तुलना झाली, तीन महिन्यांनी हा व्यायाम सरस ठरला, वर्षाने मात्र दोन्ही सारखेच. "म्हणजे स्ट्रेचिंग नीट केलं असतंत तरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मीपण उचललं नाही.

पुढे वजन वाढवायला पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक आली. कठडा धरून, सॅक लावून, एका पायावर, एकाच पायरीवर मी इंच इंच वरखाली होत असायचो, आणि वरच्या मजल्यावरचे काका रोज "चढा, चढा, घाई नाही" म्हणून शेजारून निघून जायचे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी उठलो, दात घासले, पेपर आणला, आणि मग लक्षात आलं की पहिलं पाऊल कधी टाकलं ते आठवतच नाहीये. आनंदाने सांगायला बेडरूममध्ये गेलो तर बायको ताडकन उठून घड्याळ बघत होती. आठ वाजून गेले होते, तिचं नऊचं प्रेझेंटेशन.

"ओरडला का नाहीस?"